कन्हानच्या काठी घटकाभर



नागपूरहून मोटारीने रामटेकला निघालेली मंडळी बहुधा थेट गडाच्या पायथ्याशीच उतरतात. वाटेत सुमारे १५ किलोमीटरवर कामठी लागते, मग कन्हान नदीचा पूल व पलीकडे कन्हान गाव. तेथे कोणी थांबत नाही.

रामटेकची थोरवी निर्विवाद आहे. वाकाटककालीन नृसिंहमंदिरे तेथे आहेत; कालिदासाचा रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशी यांनी प्रतिपादिले. परंतु इतिहास गडावर आणि देवळातच वसतो, हा समज मात्र खरा नव्हे.

कामठी ही छावणीतून वाढलेली वस्ती. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला आणि १८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या उजव्या तीरावर आपले लष्कर वसविले. पाणी मुबलक आणि राजधानी नजरेच्या टप्प्यात, अशी ती जागा. लष्करापाठोपाठ व्यापारी आले, विणकर आले, मजूर आले. राज्य गेले, तरी छावणी राहिली. आज तेथे गार्ड्स पलटणीचे केंद्र आहे.

पण ज्या गावाला सैन्याने जन्म दिला, त्याला खरे मोठेपण दिले ते एका श्रमिकांच्या पुढाऱ्याने. बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म १९०४ साली कामठीत झाला. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. १९३७ साली ते डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळात निवडून आले. १९३९ साली, अवघ्या पस्तिशीत, क्षयाने त्यांचा अंत झाला. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. आज लक्षावधी मुखांतून दररोज उमटणारे हे दोन शब्द ज्याच्यामुळे रूढ झाले, त्याची समाधी याच कन्हानच्या काठी आहे. आणि आपल्या मोटारी तिच्या जवळून धुरळा उडवीत निघून जातात!

ज्या घरी मुलांना वाकाटकांची वंशावळ पाठ येते, त्या घरी हरदासांचे नावही ठाऊक नसावे, ही गोष्ट शिक्षकाच्या मनाला बोचणारी आहे. म्हणून विनंती इतकीच, की पुढील खेपेस रामटेकला जाताना कन्हानच्या काठी घटकाभर उतरावे. मुलांना छावणी दाखवावी, नदी दाखवावी, आणि मग समाधीपाशी नेऊन हे गाव कोणाचे, ते सांगावे. गडावर पोहोचण्यास थोडा उशीर होईल. गड काही कोठे जात नाही.