आधी क्रियापद, मग मत

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं अभिनंदन. तुमच्या आईवडिलांचं थोडं जास्त, कारण ‘मुलगा काय करतो?’ या प्रश्नाला ‘बायबल शिकतो’ हे उत्तर मीरा रोडच्या सोसायटीत तीन वर्षं देणं सोपं नाही. अभिनंदन झालं. आता म्हाताऱ्याचं ऐका.

स्टेशनवरून रिक्षा केली. पूनम सागर म्हटल्यावर रिक्षावाल्याने हॉलचं नाव विचारलं आणि म्हणाला, ‘काल तिथे हळद होती.’ खरंच होती. माझ्या पायाशी अजून झेंडूच्या पाकळ्या आहेत. मी नगरकडचा माणूस. दगडी देवळात, लाकडी बाकांवर वाढलो. पलीकडे उत्तनला पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक वस्ती आहे, त्यांचीही चर्चं पक्की. तुमच्या मंडळ्या मात्र तासाच्या भाड्यावर भरतात. याचं मला वाईट वाटत नाही. पौलाने इफिसात दोन वर्षं तुरन्नाच्या पाठशाळेत वाद घातले, ती इमारत तरी कुठे मंडळीची होती? जागा भाड्याची चालते. अर्थ भाड्याचा चालत नाही.

कालच रात्री इथल्याच एका फ्लॅटमध्ये बायबल अभ्यासाला बसलो होतो. नऊ जण, मधे चहा आणि खारी. वाचन होतं फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातलं तेरावं वचन, सामर्थ्याविषयीचं. तुम्हाला ते पाठ आहे. मोबाइलच्या कव्हरवरही छापतात. वाचून झाल्यावर म्होरक्या मुलाने विचारलं, ‘हे वचन तुमच्याशी काय बोलतं?’ एकीला ते बँकेच्या परीक्षेविषयी वाटलं, एकाला घराच्या हप्त्यांविषयी, एकाला जिमविषयी. प्रत्येक उत्तराला ‘आमेन’ मिळालं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘अकरावं आणि बारावं वाचू या का?’ तिथे पौल उपासमारीविषयी लिहितो, टंचाईतही समाधानी राहायला शिकलो म्हणतो. आणि हे सगळं तुरुंगातून. क्षणभर कोणी बोललं नाही. मग तो मुलगा अगदी आदराने म्हणाला, ‘पाळकसाहेब, ते तुमचं इंटरप्रिटेशन झालं.’

पौल तुरुंगात होता हे माझं इंटरप्रिटेशन!

सेमिनरीत आम्हाला ग्रीक शिकवणारे सर होते. धोतर, जाड भिंगाचा चष्मा, तपकीर. वर्गात कोणी ‘सर, मला वाटतं’ म्हणून तोंड उघडलं की ते हात वर करायचे. ‘आधी क्रियापद. काळ कोणता, कर्ता कोण, सांगा. मग काय वाटतं ते सांगा.’ आम्ही त्यांच्या नकला करायचो. एकदा मी तीन रात्री जागून लिहिलेला उपदेश त्यांना दाखवला. त्यांनी पहिल्याच पानावर पेन्सिलीने एक वर्तुळ काढलं. मी आज्ञार्थ समजून ज्यावर सगळा उपदेश उभा केला होता, ते साधं विधान होतं. बारा पानं गेली. तेव्हा राग आला होता. आता पन्नास वर्षं होत आली, आणि उपदेश लिहायला बसलो की अजून ते वर्तुळ दिसतं.

तक्रार करायची नाही असं ठरवून आलो होतो, पण एक सांगतोच. एका शहरी मंडळीत मी पाळक होतो. गाव सांगत नाही. कमिटीने मला बोलावलं. म्हणाले, उपासनेतली पापकबुली काढा, नव्या लोकांना निगेटिव्ह वाटतं. तिच्या जागी दहा मिनिटं साक्षी ठेवा, लोकांना स्टोरी आवडते. उपदेश अठरा मिनिटांवर आणा. मी विचारलं, अठराच का? खजिनदार म्हणाले, व्हिडिओ त्याहून लांबला की लोक बघत नाहीत. मी कबुली काढली नाही. पुढच्या वर्षी माझी बदली झाली. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या निरोपाची वेळ मात्र अर्धा तास होती.

या सगळ्याला विद्वान लोक उत्तर-आधुनिकता म्हणतात. फ्रान्समध्ये ल्योतार नावाच्या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये लिहिलं की, सगळ्या जगाला लागू म्हणवणाऱ्या महाकथनांवरचा माणसाचा विश्वास उडाला आहे. वीसेक वर्षांत ते वारं चर्चमध्ये शिरलं. ब्रायन मॅक्लॅरनचं २००१ चं पुस्तक माझ्या एका विद्यार्थ्याने अमेरिकेहून आणून दिलं. एक पाळक आणि एक विज्ञानशिक्षक यांच्या गप्पा आहेत त्यात, वाचनीय आहे. त्या सुमारास तिकडे मेणबत्त्या लावून, जमिनीवर बसून, गोष्टी सांगत उपासना करणं म्हणजे काहीतरी नवीन, असं झालं होतं. मला हसू आलं. आमच्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन केव्हाच उभं केलं होतं, आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला होता.

पण हसण्यावारी नेऊ नका, कारण त्या विद्वानांचा एक प्रश्न खरा आहे: गोष्ट कोण सांगतो? माझे आजोबा महारवाड्यातले. ते ख्रिस्ती झाले त्याची हकिगत एका मिशनरी साहेबाने अहवालात लिहून परदेशी पाठवली. आजोबांना ती कोणी वाचून दाखवली नाही. पुढे एकाने मला ती मिळवून दिली. तीत आजोबा रडत गुडघे टेकतात. घरात आम्ही ऐकलं ते असं, की आजोबांनी आधी साहेबाला विचारलं, तुमच्या विहिरीवर पाणी भरू द्याल का? विहीर अहवालात नाही. म्हणून ‘साक्षीला जागा द्या’ असं कोणी म्हणतं, तेव्हा मी विरोध करत नाही. ज्यांचं कधी कोणी ऐकलं नाही, त्यांना बोलू द्या. शंका घ्या. माझ्यावरही घ्या.

फक्त शंका घेऊन कुठे जायचं, ते पंडिता रमाबाईंना विचारा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेच तिथल्या मठातल्या सिस्टरांशी वाद सुरू झाले. चर्च सांगतं म्हणून मानायचं, हे बाईंना मान्य नव्हतं. तशी पत्रं आजच्या कुठल्याही बंडखोराने लिहावीत. १८८६ च्या मार्चमध्ये त्या फिलाडेल्फियाला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. आज तुमचे आईवडील बसलेत तशा त्या तिथे बसल्या असतील. तीन वर्षांनी, त्या पदवीदानाच्याच तारखेला, ११ मार्चला, त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. १९०५ मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी जागृती झाली. मुली रडत होत्या, तासन्‌तास प्रार्थना चालत होत्या. अनुभव म्हणता ना? त्याहून मोठा अनुभव कोणता असणार!

आणि त्या बाई काय करत होत्या? हिब्रू आणि ग्रीकचे कोश उघडून बसल्या होत्या. कुणा साहेबाचं भाषांतर प्रमाण मानायचं नाही म्हणून, आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र आणायचं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, मुक्तीच्याच छापखान्यातून, मुक्तीच्याच बायकांच्या हातून. अधिकारावर शंका घेतलेली बाई मजकुराच्या अधिक जवळ गेली. आपण शंका घेतो आणि मजकूर मिटून एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

मला भीती आहे ती एवढीच, आणि ती मी पुन्हा सांगणार. प्रोजेक्टरची नाही, गिटारची नाही, भाड्याच्या हॉलची नाही. ‘लिहिलंय काय?’ हे विचारण्याआधी ‘तुला काय वाटतं?’ विचारायची सवय तुम्ही लावाल, याची आहे. ज्याला आपल्याच मनातलं ऐकायचं आहे, त्याला पाळक लागत नाही, आरसा पुरतो. आणि घराचा हप्ता थकला, परीक्षा हुकली, की आरशात पुन्हा तोच चेहरा दिसतो. त्या दिवशी त्याला तुरुंगात बसलेला पौल लागेल, आणि तो तुम्ही त्याला कधी दाखवलेलाच नसेल.

चिठ्ठी आली आहे. अठरा मिनिटं झाली असावीत.

पुढेमागे तुमच्यापैकी कोणी मला आपल्या मंडळीत बोलावलंत तर येईन, रिक्षाचे पैसे माझे मी देईन. मागच्या खुर्चीवर बसेन. उपासना संपल्यावर तुमचा उपदेश बरा झाला की वाईट, हे मी सांगणार नाही. क्रियापद विचारीन.