ऊर्ध्वमहानीलेचा अवरोध

हृदयाकडून शरीराकडे धांवणाऱ्या रक्ताची कथा सुशिक्षितांस परिचित असते. परंतु गेलेलें रक्त माघारीं कसें येतें, याचा विचार क्वचितच होतो. मस्तक, मान, दोन्ही बाहू व छातीचा वरचा भाग येथील रक्त हृदयांत परत आणणारी जी मोठी शीर, तिला ऊर्ध्वमहानीला म्हणतात. लांबी सुमारें ७ सेंटिमीटर, रुंदी सुमारें २ सेंटिमीटर. म्हणजे जेमतेम बोटाएवढी. श्वासनलिका, महारोहिणी व लसग्रंथी यांच्या दाटींत ती वसलेली आहे. तिची भिंत पातळ व आंतील रक्ताचा दाबही अल्प. म्हणून शेजारीं एखादी गांठ वाढली कीं ती सहज दबते.

१७५७ सालीं लंडनमधील शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यानें या विकाराचें वर्णन केलें. त्याच्या रोग्याच्या महारोहिणीस फुगवटा आला होता. आज बहुधा फुप्फुसाचा वा लसग्रंथींचा कर्करोग याच्या मुळाशीं असतो. कधीं शिरेंत दीर्घकाळ ठेवलेल्या नळीभोंवतीं, किंवा हृदयाची गति राखणाऱ्या यंत्राच्या तारेभोंवतीं, रक्ताची गुठळी जमूनही वाट बुजते.

लक्षणें प्रथम साधीं भासतात. सकाळीं चेहरा व पापण्या सुजतात, सदऱ्याचें गळ्याचें बटण लागत नाहीं, वांकतांच डोकें जड होतें. दिवस चढतां सूज ओसरते आणि ‘जागरण झालें असेल’ म्हणून घरांत विषय संपतो. घात होतो तो येथेंच.

मुख्य वाट अडली कीं रक्त आडवाटा शोधतें. छातीच्या त्वचेखालील बारीक शिरा रुंदावून निळसर जाळें दिसूं लागतें. त्यांतून कांहीं रक्त खालीं उतरून अधोमहानीलेच्या मार्गें हृदय गांठतें. अवरोध हळूहळू वाढल्यास या वाटा तयार होण्यास अवसर मिळतो. एकाएकीं झाल्यास तो मिळत नाहीं. श्वास कोंडला, घरघर लागली वा गुंगी आली, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. तोंवर रोग्यास आडवा न निजवितां टेंकून बसवावा.

वैद्य गांठीचा अंश तपासून रोग ठरवितात; मग औषधें वा किरणोपचार योजतात. कधीं शिरेंत धातूच्या जाळीची नळी बसवितात. तिनें सूज बहुधा थोड्याच दिवसांत उतरते. उपाय आहेत, परंतु ते रोग्यापर्यंत पोंचण्यास घरांतील कोणीतरी त्याच्या सकाळच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलें पाहिजे.