हुपरीची चांदी आणि विजेची गिटार

ज्या हुपरीच्या पैंजणांचा लौकिक मुलूखभर आहे, तेथील कारागिराने आपली अस्सल चांदीची तार विजेच्या गिटारीस चढविली, तर ध्वनिवर्धक मौनच पाळील. कारण तारेखालील चुंबक व त्याभोवतीचे तांब्याचे वेटोळे यांस पोलादासारख्या चुंबकग्राही तारेचेच कंपन उमगते. अशाच तारांवर, मुंबईच्या ‘झीरो’ या रॉक वाद्यवृंदातून नावारूपास आलेल्या वॉरन मेंडोन्सा यांनी, ना स्टुडिओचे भाडे ना मुदतीचा तगादा अशा निवांतपणे, ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने ‘नाइट्स इन शायनिंग कर्मा’ हा २००७ सालचा संग्रह घरीच ध्वनिमुद्रित केला. डेव्हिड गिल्मर व जेफ बेक या गिटारवादकांचा संस्कार त्यांच्या वादनात उघड आहे. परंतु तार बोटाने किंचित ओढून स्वरास मींडेप्रमाणे कलविण्याची त्यांची सबुरी, आमच्या मते, द्रुतगतीच्या कसरतींहून मातबर होय.