रक्ताला पेव नाही
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



शिबिरात ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा रक्त दिले त्यांच्याशी आज आम्हाला बोलायचे आहे. बाकीच्यांनी ऐकायला हरकत नाही. पहिल्या खेपेला पोरे रांग लावतात, प्रमाणपत्र भिंतीवर लागते, आणि दुसऱ्या खेपेला त्यातली फार थोडी दिसतात. भीती तर पहिल्याच वेळी मोडली, मग अडते कुठे?

ज्वारीचे पेव आपल्या बापजाद्यांनी पाहिले आहे. भरले की वर्षभर घोर नाही. रक्ताचे तसे नाही. नेहमीच्या पिशवीतले रक्त ३५ दिवस टिकते, वेगळे द्रावण घातले तर तांबड्या पेशी ४२ दिवस. जिनिंगमध्ये कापसाची रुई आणि सरकी वेगळी होते, तसे एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि प्लाझ्मा वेगळे काढतात. त्यातल्या प्लेटलेट पाचच दिवस राहतात. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला एका दिवसात पिशव्यांचा ढीग लागतो, म्हणजे सगळ्या गावाचा कापूस एकाच दिवशी बाजारात. महिना-सव्वा महिन्यात जे वापरले गेले नाही ते फेकायचे. आणि एप्रिल-मे आला, कॉलेजे बंद झाली, की पेढ्यांत खडखडाट.

गरज मात्र मुहूर्त पाहत नाही. बाळंतपणात बाई रक्ताने वाहायला लागली तर तासांचा हिशोब असतो. थॅलेसेमियाच्या लेकराला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त लागते, तेही जन्मभर. सिकलसेल तर आपल्या विदर्भातल्या कितीतरी घरांत आहे. ही लेकरे वाढदिवसाच्या शिबिरावर जगत नाहीत. पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसावर जगतात.

पुन्हा येणाऱ्याचे रक्त अधिक भरवशाचेही असते. प्रत्येक पिशवी एड्स, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग आणि हिवताप यांसाठी तपासतात. पण लागण अगदी ताजी असेल तर तपासणीलाही ती सापडेलच असे नाही. ज्याचे रक्त चार वेळा तपासून निर्दोष निघाले, त्याच्या पाचव्या पिशवीचा भरवसा जास्त. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचा धंदा बंद झाला. त्यांची जागा आपण भरायची आहे.

आता तुमचा खरा सवाल. बैठकीत एकाने उभ्या उभ्या विचारला, "कापूस मातीमोल नेता, आता रक्त फुकट नेऊन विकता काय?" सवाल रास्त आहे, आम्हाला आवडला. रक्ताला किंमत लावता येत नाही. तपासणी, पिशवी आणि साठवण यांचा खर्च तेवढा घेता येतो आणि त्याला सरकारी मर्यादा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये औषध महानियंत्रकांनी हे पुन्हा बजावले. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रोग्यांना रक्त मोफत द्यायचे आहे. कोणी जादा मागितले तर पावती मागा आणि ती घेऊन आमच्याकडे या, भांडायला आम्ही आहोत. पण त्या रागापायी हात आखडला तर शिक्षा पेढीला होत नाही, खाटेवरच्या लेकराला होते.

अशक्तपणाची भीती आम्हाला ठाऊक आहे. अंगात पाचेक लिटर रक्त, त्यातले ३५० मिलिलिटर घेतात. पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात, लोहाला त्याहून जास्त. म्हणून पुरुषांना ९० दिवसांचे अंतर, बायांना १२०. वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. उपाशीपोटी जाऊ नका. देण्याआधी तांब्याभर पाणी प्या, नंतर पंधरा मिनिटे बसा. त्या दिवशी फवारणी नाही, विहिरीत उतरणे नाही, कापसाचे गाठोडे उचलणे नाही. गडी लावा किंवा काम उद्यावर टाका.

काही बायांना मागच्या वेळी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवले आणि त्यांनी ते मनाला लावून घेतले. बायांनो, त्यात अपमान कसला? दिवसभर वेचणी करून सगळ्यांच्या मागून उरलेसुरले खाणाऱ्या बाईचे रक्त कमी भरणारच. हा घराचा दोष आहे, तिचा नाही. आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्या. अंबाडीची भाजी, हरभरा, वर लिंबू पिळून खा, आणि जेवणावर लगेच चहा नको. तीन-चार महिन्यांनी पुन्हा तपासा.

गड्यांसाठी आमचा हिशोब सोपा आहे. एकदा संक्रांतीला, दुसऱ्यांदा आखाजीच्या सुमारास. मधे ९० दिवस सरतात, पेरणीची घाई लागलेली नसते, आणि नेमकी तेव्हाच पेढी रिकामी असते. फक्त उन्हाच्या आधी, सकाळी जा.

सभा सुटल्यावर दाराशी वही ठेवली आहे. नाव, रक्तगट आणि मागच्या वेळची तारीख लिहून जा. ज्यांना परत पाठवले होते त्यांनीही लिहा. पाळी आली की गावचा कार्यकर्ता घरी येऊन आठवण देईल.