पेटीवाले पु. ल.

(वसंत व्याख्यानमालेत नवी दिल्ली येथे दिलेले व्याख्यान)

अध्यक्ष महाराज, आणि पहाडगंजात गाडी लावायला जागा सापडून वेळेवर पोचलेल्या भाग्यवान रसिकहो,

पत्रिकेवर विषय छापला आहे 'विनोदी नट पु. ल. देशपांडे'. संयोजकांना मी हो म्हटलं तेव्हा माझ्या मनात दुसराच विषय होता. तो या टेबलावरच्या पेटीवरून तुमच्या लक्षात आलाच असेल. माझं म्हणणं एवढंच, की पुलं मुळात पेटीवाले. नट, लेखक, दिग्दर्शक हे सगळं नंतरचं. (हशा) हसा, पण तासाभराने माझ्या बाजूला याल.

चरित्र सांगत बसत नाही. १९१९ चा जन्म, पार्ल्यातलं बालपण, बेळगावातली प्राध्यापकी, सगळं तुम्हाला पाठ आहे. १९५३ चा 'गुळाचा गणपती' तर सगळा त्यांचाच. लेखन त्यांचं, दिग्दर्शन त्यांचं, संगीत त्यांचं आणि गणपतीही तेच. त्यातला 'इंद्रायणी काठी' हा अभंग आपण भीमसेनांचा म्हणून ओळखतो. 'नाच रे मोरा' आशाताईंचं आणि गदिमांचं. दोन्ही चाली कुणाच्या, हे विचारलं की निम्मं सभागृह एकमेकांकडे बघतं. आत्ता बघितलंत तसंच! पोट धरून हसवणाऱ्या माणसाच्या चाली कोण लक्षात ठेवतो?

आता आपल्या दिल्लीकडे येतो. पुलं १९५५ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर लागले आणि पुढे इथे आले. १५ सप्टेंबर १९५९ ला संसद मार्गावरच्या आकाशवाणी भवनातून देशातलं टेलिव्हिजन सुरू झालं. त्या पहिल्या दिवसांत पुलं तिथे होते, पंडित नेहरूंची मुलाखतही त्यांनी घेतली. हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र एक गोष्ट सांगत नाही. हा पेटीवाला ज्या खात्यात नोकरीला होता, त्या खात्यात पेटीला बंदी होती.

ही कहाणी दोन मिनिटांत आटपायची असं ठरवून आलो होतो, पण ती तशी आटपत नाही. जॉन फोल्ड्स नावाचे एक इंग्रज संगीतकार तीसच्या दशकात दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. १९३८ मध्ये त्यांनी हार्मोनियमविरुद्ध एक खरमरीत लेख लिहिला. पेटीत मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, सगळे स्वर आधीच ठोकून बसवलेले, असा आरोप. आरोप खोटा नव्हता. फोल्ड्स १९३९ मध्ये कोलकात्यात वारले. १९४० मध्ये रेडिओचे इंग्रज प्रमुख लायनेल फील्डेन यांच्या काळात बंदी आली. म्हणजे पॅरिसात जन्मलेलं वाद्य भारतीय संगीताला बाधतं, हा निकाल साहेबांनी दिला! रवींद्रनाथांचाही या बंदीला पाठिंबा. पुलं पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात जाऊन राहिले, 'वंगचित्रे' लिहिलं, रवींद्रनाथांवर जन्मभर जीव टाकला, आणि त्याच गुरुदेवांचं मत पुलंच्या लाडक्या वाद्याविरुद्ध.

बरं, साहेब गेला तरी बंदी राहिलीच. १९५२ ते १९६२ नभोवाणी मंत्री कोण होते? बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. आपलेच. पहिल्या रांगेतले काका अस्वस्थ झाले. काका, मी केसकरांना दोष देत नाही. त्यांनी शास्त्रीय संगीताला रेडिओवर मानाची जागा दिली. सिनेसंगीत मात्र असं दूर ठेवलं, की अख्खा देश रेडिओ सिलोन लावून बसला. १९७१ मध्ये बंदी सैल झाली, तीही साथीपुरती.

चिठ्ठी आली आहे. 'आम्ही हसायला आलो होतो.' (हशा) झालं की मग!

साथ म्हणजे काय ते बघा. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. गवई कुठली जागा घेणार ते पेटीवाल्याला आधी ठाऊक नसतं. ती ऐकायची, तिचं टोक धरायचं आणि किंचित मागून जायचं. पुढे गेलात तर आगाऊ, रेंगाळलात तर गवई वळून बघतो. त्याने श्वास घेतला की तेवढी फट भरायची, आणि तो परत आला की ताबडतोब मागे सरायचं. भाता जरा जोरात पडला की गवई झाकला. वसंतराव देशपांड्यांसारख्या कुठे झेप घेतील याचा नेम नसलेल्या गवयाला पुलं साथ करायचे.

आता पुलंच्या आवाजातला 'अंतू बर्वा' आठवा. अंतू बोलतो तेव्हा पुलं कुठे असतात? अर्धं पाऊल मागे. अंतूचं बोलणं संपलं की एक छोटंसं वाक्य, फट भरण्यापुरतं, की पुन्हा अंतूच. 'रावसाहेब' घ्या, 'हरितात्या' घ्या. गाणारे ते. पुलं स्वतः मधल्या बैठकीवर बसतच नाहीत, म्हणून ती माणसं झाकली जात नाहीत. आपले कितीतरी विनोदवीर भाता इतका जोरात मारतात, की ऐकू फक्त तेच येतात. नावं घेत नाही, त्यातले दोघे पुढच्या आठवड्यात याच मंचावर आहेत.

मागून आवाज आला, '"बटाट्याची चाळ"मध्ये तर एकटेच होते!' बरोबर. १९६१ पासून ते एकट्याने चाळ उभी करत. वेष न बदलता, फक्त पट्टी बदलून. एकाचा आवाज काळी चारमध्ये, दुसऱ्याचा पांढरी पाचमध्ये. हे ज्याच्या कानाला सूर पक्का ठाऊक त्यालाच जमतं. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात, धन्यवाद.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आहे. तेव्हा 'वाऱ्यावरची वरात' राहिली, 'ती फुलराणी' राहिली. इंग्रजांच्या डडली मूरवर दहा मिनिटं काढली होती, ती एका मिनिटात उरकतो. ऑक्सफर्डला ऑर्गनची शिष्यवृत्ती, १९६० मध्ये एडिंबरात 'बियाँड द फ्रिंज', पुढे हॉलिवूड. शिट्टीवर वाजवायची एक लष्करी धून तो बीथोव्हनच्या थाटात पियानोवर वाजवतो आणि शेवट काही करता येत नाही. शेवट येतो, पुन्हा शेवट येतो. लोक लोळतात. पण तो एकल वादकाचा विनोद, सगळा प्रकाश त्याच्यावर. पुलंचा साथीदाराचा. मला दुसरा मोठा वाटतो. मी स्वतः पेटी वाजवतो म्हणून असेल, हा आक्षेप मान्य.

पुलं वादक म्हणून किती मोठे होते, हेही कुणीतरी विचारणारच. गोविंदराव टेंब्यांच्या पंगतीत त्यांना बसवायचा माझा आग्रह नाही. कान आणि संयम मात्र त्याच घराण्यातला.

पेटी वाजवून दाखवायची राहिलीच. गुडगाववाल्यांना राजीव चौकला गाडी बदलायची आहे, त्यांनी निघावं. प्रश्न नोएडावाल्यांनी विचारावेत. आमची मेट्रो थेट आहे.