परसातलं गवत : चार महिने पाण्यात, आठ महिने उन्हात



रोपवाटिकेत शोभेचं गवत घ्यायला गेलात की विकणारा हमखास सांगतो, ‘याला पाणी कमी लागतं.’ डिचोली-पेडण्यातल्या माणसाने त्यावर लगेच विचारायला हवं, ‘आणि पाऊस किती सोसतं?’ गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. परतीच्या सरी संपल्या की मे अखेरपर्यंत आभाळ कोरडं. आपल्याकडच्या गवताला एकाच वर्षात दलदलही काढावी लागते आणि दुष्काळही. परदेशी बागांच्या पुस्तकांतल्या याद्या इथे फसतात त्या याच कारणाने.

फाउंटन ग्रास घ्या. हॉटेलांच्या आणि नव्या बंगल्यांच्या दारात तुरे डोलवणारं हे गवत मूळचं आफ्रिका-अरबस्तानाकडचं. निचऱ्याच्या जमिनीत ते उन्हाळा सहज काढतं, पण आषाढात बुडाशी पाणी तुंबलं की कुजायला लागतं. जिथे मानवतं तिथला त्रास वेगळाच. हवाई बेटांवर ते बागांतून निसटून लाव्हाच्या कोरड्या उतारांवर पसरलं आणि वणव्यांना इंधन झालं. लावायचंच असेल तर जांभळ्या पानांचा प्रकार लावा, त्याला बी क्वचितच धरतं. माझं मत विचाराल तर तोही नको. त्याहून चांगलं गवत आपल्या बांधावर उभं आहे.

आता लव्हाळ्याच्या कुळाबद्दल. हे कूळ गवताहून वेगळं आहे. दांडा दोन बोटांत धरून फिरवून बघा. गवताचा दांडा गोल लागतो, त्याला पेरं असतात आणि बहुधा तो आतून पोकळ असतो. लव्हाळ्याचा दांडा भरीव, बिनपेऱ्याचा, आणि त्याच्या तीन कडा बोटांना स्पष्ट कळतात. परदेशी बागांत या कुळातले कॅरेक्सचे प्रकार फार लावतात, पण बागांसाठी विकले जाणारे बहुतेक प्रकार थंड हवेचे. आपल्या उष्म्याशी त्यांचं जमत नाही. आपल्याकडे कुंडीत दिसणारं छत्रीगवत याच कुळातलं, पण ते पाणथळ जागेचं. सांडपाण्याच्या वाटेवर, विहिरीच्या पन्हाळीखाली ते उत्तम, कोरड्या वाफ्यात त्याचे हाल होतात. आणि खुद्द लव्हाळा, म्हणजे मोथा? कडक उन्हात त्याच्याइतकं चिवट दुसरं काही नाही. वर पान वाळलं तरी जमिनीत गाठींची माळ जिवंत राहते. या माळेमुळेच जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत त्याची गणना होते. वाफ्यात त्याला थारा देऊ नका. सुगंधी गाठी हव्या असतील तर बूड बंद असलेल्या टाकीत वाढवा.

दुष्काळ सोसण्याच्या वनस्पतींच्या रीती निरनिराळ्या आहेत आणि गवत निवडताना ती रीतच बघावी. सड्यावरची बरीच गवतं दुष्काळ सोसतच नाहीत, ती त्याला चुकवतात. जांभ्याच्या कातळावर बोटभर माती असते. त्यात जूनमध्ये रुजायचं, भादव्यात फुलायचं, दिवाळीच्या सुमाराला बी टाकून मरायचं. डायमेरिया, ग्लायफोक्लोआ ही त्यांतली नावं. ग्लायफोक्लोआ ही प्रजाती फक्त भारतीय द्वीपकल्पात सापडते आणि तिच्या एका जातीला गोव्यावरून ‘गोएन्सिस’ असं नाव आहे. अशी गवतं कुंडीत लावून शोभा येत नाही. त्यांना कातळच लागतो. तुमच्या आवारात कातळाचा उघडा तुकडा असेल तर त्यावर बाहेरची माती टाकून लॉन करू नका. तो तसाच ठेवा, श्रावण-भादव्यात तिथे आपोआप बाग होते. मोपाचा सडा विमानतळाखाली गेला, तिथून जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. तेव्हा जे कातळ अजून आपल्या हातात आहेत, ते घराच्या कुंपणाआतले का असेनात, जपायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

दुसरी रीत आहे वाळून पुन्हा जिवंत होण्याची. पश्चिम घाटाच्या कातळांवर ट्रायपोगॉन नावाचं बुटकं गवत आहे. उन्हाळ्यात ते कागदासारखं वाळतं आणि पाऊस पडताच त्याची तीच पानं पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटातल्या अशा ६२ वनस्पतींची नोंद केली आहे. ट्रायपोगॉन प्रजातीतली एक जात ‘लिस्बोए’ या नावाने ओळखली जाते. हे नाव डॉ. जुझे कामिल लिस्बोआ यांच्यावरून आलं. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर मुंबईत वैद्यकी करत आणि गवतांचा अभ्यास करत. मुंबई इलाख्यातल्या उपयुक्त वनस्पतींवरचं त्यांचं पुस्तक १८८६ मधलं. त्यांच्या पत्नीनेही एका सुगंधी गवताचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं होतं. गवताकडे इतक्या बारकाईने पाहणारं जोडपं आपल्या मातीतलं होतं, हे शाळेतल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

पण बागेसाठी सगळ्यांत कामाची रीत तिसरी, खोल मुळांची. त्यात वाळ्याला तोड नाही. वाळा मुळात नदीकाठच्या ओलसर जागेचा, म्हणून पाण्यात उभा राहिला तरी कुजत नाही. मुळं मात्र जमिनीत सरळ खाली जातात, अनुकूल मातीत तीन मीटरपर्यंत आणि त्याहूनही खोल. दलदल आणि दुष्काळ या दोन्ही परीक्षा तो एकटाच देतो. दक्षिणेत लागवडीत असलेल्या वाळ्याला रुजणारं बी जवळजवळ धरत नाही, त्यामुळे तो रानात पसरण्याची भीती नाही. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी माती धरून ठेवण्यासाठी वाळ्याच्या कुंपणांचा भारतात जोरात प्रचार केला, पण कर्नाटकातले शेतकरी त्याआधीपासूनच बांधावर वाळा लावत होते.

डिचोलीला या गवताची गरज आणखी एका कारणाने आहे. खाणींचे खड्डे विहिरींच्या तळापेक्षा खोल गेले आणि शिरगावसारख्या गावात विहिरी आटल्या. खाणीच्या मातीचे डोंगर पावसात वाहून शेतांत उतरले. त्यांच्यावर ऑस्ट्रेलियन अकेशियाची झाडं लावली गेली, पण तिच्या पाल्याखाली फारसं काही उगवत नाही. उताराशी आडव्या, समपातळीत लावलेल्या वाळ्याच्या रांगा गाळ अडवतात, आणि धातूंचा अंश असलेल्या मातीतही वाळा तग धरतो. घराच्या मागे उतार असेल तर हाच उपाय छोट्या प्रमाणात करता येतो. एका रांगेत वीतभराहून कमी अंतराने ठोंब लावा. दोन पावसाळ्यांत भिंत तयार होते.

वाळ्याच्या खालोखाल रोशा गवत आणि गवती चहा. चहाला निचरा हवा, एवढं पाळलं की पुरे. रोशाचे लालसर तुरे उन्हात फार देखणे दिसतात. कुसळी गवतही सुंदर, पण गुरं असलेल्या घरात नको. त्याची काळी कुसळं पिकली की टोकाशी एकमेकांत गुंतून वेणी होते. एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका, ते डोळ्यांदेखत पीळ सोडत फिरू लागतं. ओलं-कोरडं होत असं फिरतच ते बी मातीत घुसवतं, आणि तसंच जनावराच्या तोंडातही रुतवतं.

पेडण्याच्या किनाऱ्याची गोष्ट निराळी. मोरजी, मांद्रे, हरमलच्या वाळूवर राज्य रावणाच्या मिशांचं. खारा वारा, तापलेली वाळू, वर साचणारी भर, सगळं हे गवत सोसतं. नर आणि मादी झाडं वेगळी. मादीचे काटेरी गोळे पिकले की तुटून वाऱ्याबरोबर वाळूवरून गडगडत जातात आणि पुढे बी सांडतात. जोडीला मर्यादवेल असते. किनाऱ्याजवळ घर असलेल्यांनी हे गवत काढून कोरियन लॉन घालणं म्हणजे वाळू धरून ठेवणारे हात तोडणं. लॉनला उन्हाळाभर पाणी लागतं, आणि तिळारीच्या कालव्याचं पाणी शेतं आणि नळांसाठी आहे. शिवाय वाळूच्या टेकड्या किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांनुसार सर्वांत संरक्षित वर्गात येतात. तिथलं गवत बागेत आणायचं नाही, बागेने त्याला वाट द्यायची.

लागवडीचं थोडक्यात सांगतो. पाऊस स्थिरावला की जूनच्या अखेरीस जुना ठोंब फोडून लावा. जांभ्यात पहारेने खड्डा काढा, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरा, आणि खड्ड्याला खालून पाणी निघायला वाट आहे ना ते एकदा पाणी ओतून बघा. पहिल्या वर्षी शिवरात्रीपर्यंत आठवड्यातून एकदा पाणी, दुसऱ्या वर्षापासून वाळ्याला ते लागू नये. वाळलेलं गवत भिंतीला टेकू देऊ नका. शिगम्याच्या आधी वीतभर ठेवून बाकीचं कापा, कारण सड्यांवर आगी लागतात त्या याच दिवसांत. कापलेलं करड जाळू नका, माडाच्या आळ्यात पसरा. मे महिन्यात तिथली माती उकरून बघितलीत तर खाली ओल सापडेल.