आधी किनारा, मग हॉटेल
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वेस्ट इंडीज म्हटलं की आपल्या पिढीला क्रिकेट आठवतं. १९७१ साली वाडेकरांच्या संघानं तिथं मालिका जिंकली, सुनील गावसकरांनी पदार्पणातच चार कसोटींमध्ये ७७४ धावा काढल्या, आणि किंग्स्टन, ब्रिजटाउन, पोर्ट ऑफ स्पेन ही गावं मराठी घरांत दादर-ठाण्याइतकी ओळखीची झाली. आता त्या यादीत कॅनकून, पुंता काना, माँटेगो बे या नावांची भर पडली आहे, पण ती क्रिकेटमुळे नव्हे. अमेरिकेत नोकरी करणारी आपली मुलं-मुली आई-बाबांना घेऊन आठवडाभर जिथं जातात, ती ही ठिकाणं.

मी गेली बरीच वर्षं सहलींची आखणी करून देण्याचं काम करते. न्यू जर्सीहून, डॅलसहून फोन येतो तो साधारण असा : ‘ताई, आई-बाबा आलेत. मला एकच आठवडा रजा आहे. कॅरिबियनमधलं एखादं ऑल-इन्क्लुझिव्ह सुचवा.’ या एका आठवड्याचं मोल काय असतं, ते सहा महिने मुलाकडे राहून आलेल्यांना विचारा. मुलगा-सून सकाळी आठला बाहेर पडतात, नातवंडं शाळेत जातात, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि गाडी चालवता येत नसते. सगळे एकत्र असे असतात ते याच सात दिवसांत. म्हणून निवड नीट व्हायला हवी, एवढंच माझं म्हणणं.

ऑल-इन्क्लुझिव्ह म्हणजे एकरकमी पैसे भरायचे आणि मनगटाला एक पट्टा बांधून घ्यायचा. खोली, तिन्हीत्रिकाळ खाणं, सरबतं, मद्य, पोहण्याचा तलाव, रात्रीची नाचगाणी सगळं त्यात आलं. ही कल्पना मुळात कॅरिबियनची नाही. १९५० साली जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन गृहस्थानं क्लब मेडिटेरेनियन ही संस्था काढून स्पेनच्या मायोर्का बेटावर तंबू ठोकले आणि राहणं, जेवण, खेळ सगळं एका दरात देऊ केलं. पुढं जमैकानं ती उचलली. १९८१ साली बुच स्ट्युअर्ट यांनी माँटेगो बेमधलं एक जुनं हॉटेल घेऊन सँडल्स सुरू केलं आणि त्यानंतर जमैकात ही पद्धत झपाट्यानं पसरली. कॅनकून तर मेक्सिकोच्या सरकारनं १९७०च्या सुमारास कागदावर आखून वसवलेलं शहर. त्याआधी तिथं वाळूचा एक लांबट पट्टा होता, वस्ती जवळजवळ नव्हतीच.

आता निवडीकडे येते. लोक हॉटेलपासून सुरुवात करतात. किती तारे, किती उपाहारगृहं, तलाव केवढा, फोटोत पाणी किती निळं. माझा क्रम उलटा आहे. आधी महिना, मग किनाऱ्याची दिशा आणि हॉटेल सगळ्यांत शेवटी. कारण हॉटेलवाला खोली बदलून देईल, समुद्र बदलून देणार नाही.

किनाऱ्याची दिशा म्हणजे काय ते सांगते. आपल्या कोकणाचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून थेट अंगावर येतो, म्हणून तेव्हा समुद्र खवळतो. कॅरिबियनमध्ये जवळजवळ वर्षभर वारा पूर्वेकडून वाहतो. तेव्हा बेटाची पूर्वेची बाजू लाटा खाते आणि पश्चिमेची बाजू आडोशाला राहते. बार्बाडोसला जाऊन पाहा. पश्चिमेला पाणी तळ्यासारखं शांत आणि पूर्वेला बॅथशीबाजवळ अशा लाटा, की तिथं पोहणं धोक्याचं. जमैकातलं नेग्रिल पश्चिम टोकाला आहे, म्हणून तिथली पुळण शांत आणि संध्याकाळी सूर्य समुद्रात बुडताना दिसतो. आपल्या माणसांना समुद्र म्हटला की सूर्यास्त हवाच असतो. कॅनकून आणि पुंता काना यांचे मोठे किनारे मात्र पूर्वेकडे तोंड करून आहेत. तिथं सूर्य समुद्रातून उगवतो आणि हॉटेलच्या मागं मावळतो. माझ्या ओळखीच्या एक आजी सात दिवस पहाटे उठून सूर्याला पाण्यात उभं राहून अर्घ्य देऊन आल्या. त्यांना ते फार आवडलं. पण आधी ठाऊक असलेलं बरं.

पूर्वेच्या किनाऱ्यांना पुंता काना आणि कॅनकूनच्या दक्षिणेकडे बाहेरच्या प्रवाळाच्या भिंतीचा आधार असतो. ती लाटा अडवते. अशी भिंत हॉटेलसमोर आहे का, हे उपग्रहाच्या नकाशावर घरबसल्या दिसतं : समुद्रात दूरवर पांढऱ्या फेसाची रेघ आणि तिच्या अलीकडे फिकट निळं पाणी. आई-बाबांना पोहता येत नसेल, नुसतं गुडघाभर पाण्यात उभं राहायचं असेल, तर ही रेघ शोधा. आणखी एक गंमत म्हणजे तिथं भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो. ओहोटीला पाणी दूर जाईल आणि ओल्या वाळूवर मैलभर फिरता येईल, ही आपली कोकणी सवय तिथं उपयोगाची नाही. समुद्र दिवसभर एकाच जागी असतो.

भिंत लाटा अडवते, पण शेवाळ अडवत नाही. सार्गासम नावाचं तपकिरी, तरंगतं समुद्रशेवाळ २०११पासून प्रचंड प्रमाणावर अटलांटिकमधून वाहून येऊ लागलं आहे. पूर्वेचा वारा ते पूर्वेच्याच किनाऱ्यावर आणून टाकतो. वाळूवर त्याचे गुडघाभर ढीग साचतात, कुजतात आणि सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. २०१८ हे वाईट वर्ष होतं आणि २०२५मध्ये तर आधीचे सगळे उच्चांक मोडले. हॉटेलं पहाटे ट्रॅक्टर लावून उपसतात, समुद्रात जाळ्या बांधतात, तरी पुरं पडत नाही. साधारण मार्च-एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत हा त्रास असतो, म्हणजे नेमका मुलांच्या उन्हाळी सुटीत. माहितीपत्रकातल्या फोटोत तो तुम्हाला कधीच दिसणार नाही. फ्लोरिडातलं एक विद्यापीठ उपग्रहावरून पाहून दर महिन्याला सार्गासमचा अंदाज प्रसिद्ध करतं, तो मी पैसे भरण्याआधी न चुकता वाचते.

आणि वादळं. १ जून ते ३० नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा हंगाम. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ सगळ्यांत वाईट. पण नियमालाही अपवाद असतात. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाउनला आपण टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो आणि लगेच बेरिल वादळ आलं. विमानतळ बंद, विश्वविजेता संघ हॉटेलात अडकलेला! ४ जुलैला खास विमानानं मंडळी दिल्लीत उतरली. आपल्यासाठी कुणी खास विमान पाठवणार नाही. २००५च्या ऑक्टोबरात विल्मा वादळानं कॅनकूनची वाळू धुऊन नेली, ती नंतर समुद्रातून उपसून पुन्हा टाकावी लागली. २८ ऑक्टोबर २०२५ला मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं वादळ जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आदळलं. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरातले अर्ध्या किमतीचे दर पाहून भुलू नये. त्याच काळात जायचं असलं, तर अरुबा, कुरासाव ही व्हेनेझुएलाजवळची दक्षिणेकडची बेटं बरी. तिथं चक्रीवादळ क्वचितच पोचतं.

मला विचाराल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम. वादळं संपलेली, शेवाळ नाही, पाऊस कमी झालेला आणि नाताळचे दर अजून लागलेले नाहीत. शाळेला आठवडाभर दांडी होते. होऊ द्यावी, असं माझं मत आहे. शिक्षक मंडळींनी राग मानू नये.

आता ‘सगळं समाविष्ट’ यातलं सगळं म्हणजे काय, ते पाहू. साधी होडी, वल्ह्यांची नाव, पाण्यात तोंड बुडवून मासे पाहायची नळी बहुधा त्यात असते. इंजिनावर चालणारं काहीही, पॅराशूट, खोल पाण्यात बुडी, या सगळ्याचे पैसे वेगळे. विमानतळावरून नेणं-आणणं काही ठिकाणी असतं, काही ठिकाणी नसतं. कॅनकूनच्या विमानतळावर सामान घेऊन बाहेर येताना गणवेशातली हसतमुख माणसं फुकट टॅक्सी, फुकट सफर देऊ करतात. ती हॉटेलची माणसं नसतात. त्या बदल्यात ‘फक्त दीड तास’ बसवून टाइमशेअरचा हप्ता गळ्यात बांधायचा त्यांचा धंदा असतो. नमस्कार करावा आणि थेट बाहेर चालू लागावं.

जेवणाचा प्रश्न प्रत्येक फोनवर येतो. ‘तिथं वरणभात मिळेल का?’ वरण नाही, पण भात आणि घेवड्याची उसळ रोज मिळते. मात्र शाकाहारी माणसांनी एवढं विचारावं, की उसळीत डुकराची चरबी आहे का. मेक्सिकोत ती घालायची जुनी पद्धत आहे, तिला मांतेका म्हणतात. जमैकात भाताबरोबरची उसळ नारळाच्या दुधात शिजते, पण कधी तीत खारवलेलं मांसही टाकतात. तिथं रास्ताफारी लोकांचं ‘आयटल’ जेवण मागावं. त्यात मांस नसतं आणि कालालू नावाची पालेभाजी आपल्या माठाच्या जवळची, नावाला नव्हे, खरोखरच त्याच कुळातली. भारतातून १८४५पासून करारावर गेलेल्या मजुरांनी या बेटांवर रोटी आणि करी नेली. जमैकात ‘करी गोट’ हा आज सगळ्यांचाच पदार्थ आहे. आचाऱ्याला आपण भारतातून आलोय म्हणून सांगितलं, तर कढईत तिखट वाढतं, हा माझा अनुभव.

खोली मागताना मुख्य इमारतीजवळची, तळमजल्यावरची मागा. ही हॉटेलं अवाढव्य असतात. जेवायला जायचं तर अर्धा किलोमीटर चालावं लागतं किंवा बॅटरीच्या गाडीची वाट पाहावी लागते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हे तिसऱ्या दिवशी नको होतं आणि तो खोलीतच बसतो. मग एकत्र येण्याचा अर्थ काय राहिला? ‘केवळ प्रौढांसाठी’ असा शिक्का असलेली हॉटेलंही असतात, तिथं नातवंडांना प्रवेश नाही, हेही पाहून घ्यावं.

कागदपत्रांचं एकच सांगते, कारण इथं चूक झाली तर सहलच मोडते. अमेरिकेचा चालू व्हिसा असला, तर भारतीय पासपोर्टवर मेक्सिको आणि डॉमिनिकन रिपब्लिक वेगळा व्हिसा मागत नाहीत. पण नियम बदलतात, त्या त्या देशाच्या वकिलातीकडे ताजी खात्री करावी. आई-बाबांपेक्षा मुलाचा पासपोर्ट आधी उघडा. नोकरीचा परवाना पुढच्या दोन वर्षांचा असतो, मात्र पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला असतो, असं फार घरांत आढळतं. तसं असेल तर जमैकाहून परत अमेरिकेत शिरताना अडचण येते. आई-बाबा आत आणि मुलगा बाहेर, अशी वेळ यायला नको.

शेवटचा मुद्दा फाटकाचा. या हॉटेलांना फाटक असतं आणि आत सगळं फुकट असल्यानं बाहेर पडायला कारण उरत नाही. मेक्सिकोत किनारा कायद्यानं सर्वांचा आहे, डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये पाण्यापासून साठ मीटर पट्टी सार्वजनिक आहे. जमैकात मात्र १९५६च्या कायद्यानुसार सर्वसामान्यांना समुद्रस्नानाचा आपोआप हक्क नाही आणि त्यावरून तिथं आजही भांडण चालू आहे. आपल्याला टॉवेल आणून देणारा मुलगा त्याच किनाऱ्यावर स्वतःच्या आईला घेऊन येऊ शकतो का, हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारते. उत्तर कधी हो येतं, कधी तो नुसता हसतो. म्हणून दर ठरवताना मी रोज खोलीत ठेवायचे चार-पाच डॉलर वेगळे धरायला सांगते आणि एक दिवस बाहेर जेवायचा. चांगली टॅक्सी हॉटेलातूनच ठरवावी, भाडं आधी बोलून घ्यावं आणि गावातल्या एखाद्या मंडईत उतरावं. आंबे, शहाळी, कच्ची केळी, सुरण असं सगळं मांडलेलं असतं. आई-बाबा तिथं तासभर रमतात, भाव करतात, आणि विकणाऱ्या बाईला भाषा कळत नसली तरी भाव कळतो.